ग्रिचारांच्या घरवहीतली खोडलेली ओळ

सोमवार, ३ जून

पोचले एकदाची! बस ब्रद्नित्साच्या चर्चपाशीच थांबते आणि तिथून पुढे अर्धा तास उभा चढ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यांनी कुरकुर केली, मी केली नाही. चौतीस वर्षं क्रान्यच्या टपाल कचेरीत उभ्याने पत्रं लावली आहेत, मला चढाचं काय कौतुक!

ग्रिचारांचं घर गावाच्या टोकाला, सावलीच्या उतारावर आहे. जाड भिंती, बुटकी दारं, भट्टीभोवती बसायला बाक, कोपऱ्यात क्रूसावरचा येशू आणि त्याच्याखाली दहा माणसं जेवतील एवढं टेबल. घर अकरा वर्षं बंद होतं, तरी टेबलाच्या डोक्याशी ठेवलेल्या मालकाच्या खुर्चीवर धुळीचा कण नव्हता. घर दाखवायचं म्हणून कुणीतरी पुसली असणार.

किल्ली लोव्रोने आणून दिली. लोव्रो इथला मधमाश्यावाला, वय सत्तरीच्या पुढे, आणि गावातल्या वंशावळ मंडळाचा सगळ्यात उत्साही गडी. दोन वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं लिहितोय, भेटलो आज. त्याचं पहिलंच वाक्य काय, तर फोटोत तुम्ही उंच वाटता. मी म्हटलं, फोटोत तुम्हाला केस आहेत. तिथेच आमचं जमलं. त्याने मधाची बरणी आणली होती, शिवाय त्याच्या थोरल्या बहिणीने दिलेला कुट्टूचा सांजा, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. मी पातेलं चाटूनपुसून परत केलं.

माझी मुलगी ब्रेदा निघताना म्हणाली होती, "अगं आई, लोक उन्हाळ्यात समुद्रावर जातात, तू काय मेलेल्या शेतकऱ्यांकडे निघालीस!" मी सांगितलं की त्यांच्याकडे जायला पोहण्याचा पोशाख घ्यावा लागत नाही.

संध्याकाळी कुंपणापलीकडून एक बाई "काय हो ग्रिचारच्या, लागलं का घर?" म्हणून गेली. आमच्या डोंगरात हे असंच. आडनाव कागदावर, हाक मात्र ज्या घरात राहाल त्या घराच्या नावाने. मी तिल्का केम्पेर्ले, भाडेकरू, सकाळी आले आणि दिवस मावळायच्या आत ग्रिचारची झाले. माझी आजी नेझा याच घरात जन्मली, तिला हे नाव कुणी दिलं नाही. खरं सांगते, डोळे भरून आले.

मंगळवार, ४ जून

मंडळ दर मंगळवारी दुपारी बंबखान्याच्या माडीवर भरतं. माणसं पाच, खुर्च्या सहा. मी सहावीवर टेकणार तोच मला स्टूल पुढे केलं. ती खुर्ची कुणाची म्हणून विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. ठेवलेलीच असते, म्हणे.

मंडळाच्या प्रमुख पाव्लामावशी, म्हणजे लोव्रोची बहीण. वय चौऱ्याऐंशी, आवाज हवालदाराचा. त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखं समोर बसवून नियम सांगितले. इथल्या चर्चची दप्तरं युद्धात जळाली, म्हणून उरल्या त्या फक्त घरवह्या. प्रत्येक शेतघरात टेबलाच्या खणात एक असते. कोण जन्मलं, कोण सून आली, कोण गडी राहिला, सगळं मालक स्वतः लिहायचा. मेलेल्याच्या नावापुढे क्रूस. आणि जो घराचा उरला नाही, त्याच्या नावावर रेघ. ती रेघ मारायचा हक्क फक्त मालकाचा.

मंडळ या वह्या उतरवून घेतं, आहेत तशा, रेघांसकट. गळलेलं नाव कुणाला सापडलं तर ते घरवहीत लिहायचं आणि कडेला शोधणाऱ्याने सही करायची. मेलेल्याचं नाव शाईने, जिवंताचं पेन्सिलीने. शोधणारा जिवंत असतो, तेव्हा त्याची सही पेन्सिलीनेच! हे सांगताना मावशींनी टेबलावर बोट आपटलं. लोव्रो माझ्या कानात म्हणाला की ताईचं सगळं आयुष्य पेन्सिली तासण्यात गेलं. मावशींनी ते ऐकलं आणि त्याला सगळ्यांदेखत झापलं.

शुक्रवार, ७ जून

वही सापडली. खणातच होती, कातडी बांधणीची. १८९० पासून सगळी नोंद गाश्पेर नावाच्या मालकाच्या हातची आहे. रुंद, ठासून काढलेली अक्षरं. बायको, मुलं, गडी, बैलांचीसुद्धा नावं आहेत.

१८९३ सालात एक ओळ आहे, तिच्यावर अशी रेघ मारली आहे की कागद फाटून मागचं पान दिसतं. आणि १८९७ मध्ये: "नेझा, मुलगी. आई" आणि पुढे तशीच रेघ. मग एकच शब्द, "दिली."

ती माझी आजी. तिला दोन महिन्यांची असताना खोऱ्यापलीकडे परक्यांकडे देऊन टाकलं. आजी रविवारी पावाची कणीक मळायची तेव्हा दर वेळी म्हणायची, "माझी आई ऊर्शा. ग्रिचारांकडे कापणीला होती. मी म्हणायचं सोडलं तर ती कुठेच राहणार नाही." मालकापासून पोर झालं म्हणून बाईला घराबाहेर काढलं, एवढंच ठाऊक. ऊर्शाचं पुढे काय झालं हे एकालाही सांगता येत नाही. माझी आई कामाच्या रामरगाड्यात म्हणायचं विसरली. मी विसरणार नाही. मला माझ्या पणजीचं नाव या वहीत हवं आहे, पूर्ण नाव, शाईने. त्याचसाठी आले आहे मी.

एक गंमत लक्षात आली. गाश्पेर मरून नव्वद वर्षं होत आली असतील, पण त्याच्या स्वतःच्या नावापुढे क्रूस नाही.

मंगळवार, ११ जून

मंडळात विषय काढला. पाव्लामावशी साफ नाही म्हणाल्या. गळलेलं नाव वेगळं, खोडलेलं वेगळं. खोडलेल्याला हात लावायचा नाही, आणि ग्रिचारांकडे तर मुळीच नाही. मी कारण विचारलं. "कारण नाही. पद्धत आहे," म्हणाल्या.

मला कुणी करू नकोस म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात, हा माझा जन्माचा दोष आहे. मी ऐकवलं की बाईला उपाशीपोटी हाकलणं हीसुद्धा त्या मालकाची पद्धतच होती, तीही पाळायची का?  लोव्रो तेवढा हसत होता. येताना म्हणाला, "तिल्काबाई, ताईचं मनावर घेऊ नका. मी बघतो कुठे सापडते तुमची ऊर्शा."

मंगळवार, १८ जून

सापडली! शेजारच्या चर्चचं दप्तर जळलेलं नाही. लोव्रोने तिथे आठवडाभर बसून डोळे फोडून घेतले. ऊर्शा म्हणजे ऊर्शुला प्रेझेल, जन्म २० ऑक्टोबर १८७४, बाप बिनजमिनीचा, झोपडीत राहणारा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी "ब्रद्नित्साच्या ग्रिचारांकडे कामाला गेली" असा पाद्र्याचा शेरासुद्धा आहे. मी लोव्रोच्या गळ्यातच पडले. तो लाजला.

दुपारी घरी येऊन त्यानेच नोंद केली, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. खोडलेल्या ओळीच्या वर, सुबक शाईने: ऊर्शुला प्रेझेल, कापणीवाली, नेझाची आई. कडेला पेन्सिलीने त्याची सही. मग आम्ही ब्लूबेरीची दारू घेतली, एकेक घोट, आणि एकेक म्हणत तीन झाले. सव्वाशे वर्षांनी बाई घरात आली, त्याचा आनंद नको का साजरा करायला!

बुधवार, १९ जून

नाश्त्याला बसले आणि वही उघडली. ऊर्शुलाच्या नावावर रेघ आहे.

सरळ, तपकिरी, जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाई वाळलेली होती. सही तशीच होती. पहिला संशय मला पाव्लामावशींचा आला, पण चौऱ्याऐंशीची बाई चढ चढून, कडी काढून येणार कशी? लोव्रोला बोलावलं. त्याने रेघ पाहिली आणि कधी नव्हे तो चिडला. म्हणाला, आमच्या मंडळात असा भ्याड कोण निघाला ते कळू दे. पुन्हा नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत. आणि सही या वेळी शाईने ठोकली. मी त्याला अडवलं नाही. उलट टाळी दिली, शाब्बास म्हटलं. हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

खणाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या गळ्यात.

गुरुवार, २० जून

ऊर्शुला आणि लोव्रो, दोन्ही नावांवर रेघा. कुलूप जसंच्या तसं.

तडक लोव्रोकडे गेले. पाव्लामावशी अंगणात होत्या. लोव्रो कुठे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, कोण लोव्रो? मी हसले. म्हटलं, मावशी, मी वैतागलेय, आज थट्टा नको. त्या थट्टा करत नव्हत्या. मला भाऊ कुठला, मी एकुलती एक, असं म्हणाल्या, आणि उन्हाचा त्रास होतोय का म्हणून मला पाणी आणून दिलं.

मधमाश्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. या कुणाच्या? "माझ्याच की," म्हणाल्या. मग थांबल्या. "मी तर मधाला कधी हात लावत नाही," असं हळूच म्हणाल्या आणि पेट्यांकडे बघत राहिल्या.

घरी येऊन ही रोजनिशी उघडली. टकलाची गंमत वाचली आणि क्षणभर मलाच आठवेना, ती कुणाची. वाचल्यावर आठवलं. लिहिलं नसतं तर गेलं असतं. आजी कणकेशी का बोलायची ते आज कळलं.

शनिवार, २२ जून

पाव्लामावशी काठी टेकत आल्या. त्यांना मी ४ तारखेचं पान वाचायला दिलं. "सगळ्यांदेखत झापलं" या शब्दांपाशी आल्या आणि रडायला लागल्या. मी का रडतेय तेच कळत नाही म्हणाल्या.

मग बोलल्या. बंबखान्यात खुर्च्या अजून सहाच आहेत, पण माणसं आता चार. सहावी खुर्चीही कुणाची तरी असणार, ग्रिचारांच्या वहीशी भांडलेल्या कुणाची. त्यांना फक्त नियम आठवतात, नियम कशामुळे झाले ते आठवत नाही. गाश्पेरच्या मरणाची नोंद कुणी केली नाही, कारण लेखणी त्याच्या हातात होती, आणि त्याने ती कुणाला दिली नाही. त्याच्या नावापुढे ज्यांनी क्रूस काढून पाहिला, त्यांची शाई कागदाने घेतली नाही.

त्यांनी माझे हात धरले. "पोरी, तुझ्या हाताने त्या बाईच्या नावावर रेघ मार आणि आपल्या घरी जा. ऐकणाऱ्याच्या वाटेला तो जात नाही."

मी विचारलं, लोव्रोचं काय? त्यांनी विचारलं, कोण?

रविवार, २३ जून

वही जाळावी असंही मनात आलं. पण आत ऊर्शुला आहे, लोव्रो आहे. माझ्या माणसांसकट जाळू?

भर दुपारी बारा वाजता बसले. दार सताड उघडं, बाहेर गवत कापणाऱ्यांचे आवाज. ऊर्शुला प्रेझेल. लोव्रो. आणि कडेला शाईने, जाणूनबुजून: तिल्का केम्पेर्ले. मोठ्याने म्हटलं, "ये, मार रेघ. माझ्यासमोर मार. बाईमाणसाच्या पाठीमागे सगळेच शूर असतात."

आली. माझ्या डोळ्यांदेखत. डावीकडून उजवीकडे, सावकाश, कागदावर टाक खरखरतो तशी. धरलेला हात कुठेच नव्हता. आधी ऊर्शुला. मग लोव्रो. माझ्या नावाशी आली आणि अर्ध्यावर थांबली. तिल्कावर रेघ. केम्पेर्ले मोकळं.

मालकाच्या खुर्चीला हात लावून पाहिला. बसून उठल्यासारखी ऊबदार होती.

मी घाबरले. घाबरले हे लिहायला मला लाज नाही. पण उठले नाही.

सोमवार, २४ जून

ब्रेदाला फोन केला. "कोण बोलतंय?" म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी आई. ती फार सभ्यपणे बोलली, माझी मुलगी परक्यांशी बोलते तशी. बाई, तुमचा नंबर चुकला असेल. माझी आई—आणि तिथे ती अडखळली.  मग म्हणाली, मी आत्याकडे वाढले. आणि तिला रडू फुटलं, का ते कळत नाही म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

माझी ब्रेदा. तिला कांजिण्या झाल्या तेव्हा नऊ दिवस मी—

मंगळवार, २५ जून

खणात नवा टाक ठेवलेला आहे. मी ठेवला नाही. दौत भरलेली.

कळलं मला, त्याला काय हवंय ते. माझी अर्धी रेघ अजून ओली आहे, ओलीच राहिली आहे. मी ऊर्शुलावर माझ्या हाताने रेघ मारली की माझी रेघ पुसली जाईल. ब्रेदाला आई मिळेल. मेलेल्या बाईचं काय जातंय? तिला काय कळणार आहे?

टाक हातात घेतला होता. हे लिहायलाच हवं. टोक कागदावर टेकलंसुद्धा. ऊ च्या आधी एक ठिपका पडला आहे, तो माझा.

तिच्या पोटच्या पोरीला दोन महिन्यांची असताना दिली. तिलाही कुणीतरी म्हटलं असणार, मुकाट्याने जा, म्हणजे सगळं ठीक होईल.

नाही. नाही मारणार. टाक मोडून भट्टीत घातला.

बुधवार, २६ जून

त्याची सत्ता कुठवर? या वहीपुरती. एका कागदावर किती रेघा मारशील मार. मी कागद वाढवते.

पत्रं लिहायला घेतली आहेत. डोंगरातल्या एकूण एक वंशावळ मंडळाला, पाद्र्यांना, शाळांना, पाव्लामावशींना. प्रत्येकात तेच: ऊर्शुला प्रेझेल, जन्म १८७४, ग्रिचारांकडची कापणीवाली, नेझाची आई. हिला शोधलं पाव्लाच्या भावाने, लोव्रोने. हे वाचणाऱ्याने आपल्या वहीत उतरवावं आणि मोठ्याने एकदा म्हणावं.

मागे टाक खरखरतोय. सारखा. मी मान वळवत नाही.

ब्रेदालाही एक लिहिलं. तिला काय लिहायचं ते—तेच लिहिलं. ऊर्शुला प्रेझेल. खाली लिहिलं, कणीक मळताना म्हण.

गुरुवार

सगळी टाकली पेटीत. साठ. पत्ते बरोबर आहेत, पत्त्यात मी चुकत नाही. दुकानदाराने माझ्यातून आरपार पाहिलं. पाव घेतला, त्याला कळलंच नाही.

वहीतली रेघ पुढे सरकतेय. के गेलं.

मार!

—

दिवस विचारू नका. गवत कापून झालंय.

भिंतींवर कोळशाने लिहिलं आहे. दारावर. टेबलावर, त्याच्या टेबलावर, सुरीने. ऊर्शुला ऊर्शुला ऊर्शुला. तो एक खोडतो, मी तीन लिहिते. थकतोय तो. आज खुर्ची गार होती.

फक्त शेवटची दोन अक्षरं मोकळी—कुणाची ते—

—

पाव्लामावशी आल्या! हातात माझं पत्र. दारात उभं राहून मला म्हणाल्या, माफ करा हं, इथे कुणी राहतं हे माहीत नव्हतं. मग स्वतःच बोलायला लागल्या. हे पत्र आलं आणि सगळं आठवलं, म्हणे. "ग्रिचारांची ऊर्शा! माझी आजी तिच्याबद्दल सांगायची, डावखुरी होती, विळा डाव्या हाताने चालवायची, अख्ख्या डोंगरात तिच्यासारखी कापणीवाली नव्हती. आमच्या लोव्रोने शोधून काढली तिला." लोव्रो कुठे आहे विचारलं. "कुठे असणार? खाली पेट्यांपाशी. सकाळपासून तीनदा झापलंय त्याला."

खिडकीतून ऐकलं. हसण्याचा आवाज. तोच.

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. ऊर्शुलाच्या नावावर रेघ नाही. कागद फाटलेला आहे, पण नाव स्वच्छ आहे. त्यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, दोनदा. मग कडेच्या सहीशी थांबल्या. इथे कुणाचं तरी नाव होतं, म्हणाल्या, पूर्ण खोडलंय, अरेरे.

मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आणि बाई, तुम्ही कोण?"

मी ताठ बसले. म्हटलं, मी ऊर्शुला प्रेझेलची पणती. नेझाच्या मुलीची मुलगी. मला एक लेक आहे. आणि माझं नाव